शेवटचा बर्फ कधी, आणि परभणीकडं गाडी कधी वळवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीचे चौघे मित्र मे महिन्याच्या शेवटी स्वतःची डिझेल गाडी घेऊन मनालीच्या पुढं गेलेत. अटल बोगद्यापलीकडं सिस्सूजवळ तंबूत मुक्काम आहे. दोन स्नोबोर्ड, म्हणजे बर्फावरून उभ्यानं घसरायच्या फळ्या, आहेत, एक जुना विकत घेतलेला आणि एक मनालीतून भाड्यानं आणलेला. आज मंगळवार. सोमवारी सकाळी सगळ्यांना कामावर हजर व्हायचंय. चौघांपैकी गाडी चालवता येते दोघांनाच. त्यांचा विचार असा: शुक्रवारी दिवसभर बर्फावर राहायचं, त्याच रात्री निघायचं आणि आलटूनपालटून न थांबता चालवत रविवारी परभणी गाठायची. हे जमेल का, आणि ओलं सामान, बोर्ड, उरलेले गॅसचे डबे यांचं काय करायचं, असं त्यांनी विचारलंय.

मी छत्रपती संभाजीनगरचा. उन्हाळ्यात हिमाचलला तंबूचे आणि बर्फाचे गट नेणं हेच माझं काम, आणि तेही बहुतेक वेळा आपल्या इकडूनच गाड्या काढून. त्यामुळं हा प्रश्न माझ्यासमोर दर मे महिन्यात या ना त्या रूपात येतोच. लोक विचारतात, "बर्फाचा अजून एक दिवस मिळेल का?" खरा प्रश्न वेगळा असतो. बर्फावरून उतरल्यानंतर सुमारे दोन हजार किलोमीटर, तेही पाच अंशांतून चव्वेचाळीस अंशांत, गाडी चालवणारे दोन जण शाबूत आणि झोपलेले असतील का? तुमच्या प्रश्नातली बाकी सगळी उत्तरं यावरून ठरतात.

म्हणून माझा सल्ला आधीच सांगतो, मग कारणं. उद्याची, म्हणजे बुधवारची सकाळ ही बर्फावरची शेवटची सकाळ धरा. दुपारी बोगद्यातून अलीकडं या, कुलूच्या बाजूला खाली उतरून मुक्काम करा, सामान वाळवा, झोपा. गुरुवारी पहाटे निघा. रविवारी दुपारच्या आत परभणीत असाल आणि अर्धा दिवस हाताशी राहील. सोमवारची सुट्टी मिळत असेल तर हेच गणित एक दिवस पुढं ढकला. शुक्रवारचा बेत मात्र सोडा.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या इथं बसून मी ठरवू शकत नाही. रात्री आकाश मोकळं होतं की ढगाळ, बर्फ कुठल्या दिशेच्या उतारावर आहे, तुमची गाडी किती जुनी आहे, टायर कसे आहेत, दोघा चालकांपैकी एकाला रात्रीचं चालवायची सवय आहे का. यातलं एखादं उत्तर वाईट असेल तर माझा सल्ला अजून कडक समजा. सैल नको.

आधी बर्फाबद्दल. मे अखेरचा बर्फ म्हणजे जानेवारीचा भुसभुशीत बर्फ नव्हे. दिवसा वितळतो, रात्री गोठतो, पुन्हा वितळतो. असं होत होत त्याचे जाड दाणे तयार होतात, खडीसाखरेसारखे. पहाटे हा थर दगडासारखा कडक असतो, त्यावर बोर्डाची कड धरत नाही. ऊन लागलं की वरचे दोन-तीन बोटं दाणे सुटतात आणि मग जी घसरण मिळते ती फार सुंदर. पण ही वेळ पूर्वेकडच्या उतारावर जेमतेम दोन तास टिकते. साडेदहा-अकरा झाले की दाण्यांचं पाणी होऊन लगदा होतो, बोर्ड खालून ओढल्यासारखा अडकतो आणि माणूस तोंडावर जातो. म्हणजे "शुक्रवारी दिवसभर बर्फ" असं काही या दिवसांत नसतंच. तुम्हाला मिळणार तीच सकाळ. दुपारचा वेळ फक्त थकायला.

रात्री ढग असतील तर आणखी वाईट. मोकळ्या आकाशाखाली बर्फाची उष्णता वर निघून जाते आणि तो गोठतो. ढगांचं पांघरूण असलं की तो रात्रभर ओलाच राहतो. सकाळी उतारावर गेल्या गेल्या बोर्ड बाजूला ठेवून नुसत्या बुटानं उभं राहून बघा. पाय घोट्याच्या वर रुतला तर त्या दिवशी तो उतार सोडून द्या. वरून आपोआप छोटे गोळे घरंगळत यायला लागले, त्यांच्या मागं रेघा उमटायला लागल्या, तर तेही तेच सांगतंय: ओला थर सुटायच्या बेतात आहे. अशा वेळी खाली उतरायचं, आणि उतरताना मधल्या घळीतून न जाता कडेनं.

बोगद्यापलीकडच्या कोकसर गावाच्या बाजूला नाळींमधून जे बर्फाचे पट्टे उरलेले दिसतात त्यांच्याबद्दल विशेष सांगतो, कारण आपले लोक तिथंच उतरतात. रस्त्यालगत असतात, परमिट लागत नाही, फोटो छान येतात. पण त्यांच्याखालून वितळलेलं पाणी वाहत असतं आणि ते बर्फ आतून पोखरत जातं. वरून पाच फूट जाड वाटणारा थर मध्यावर वीतभर राहिलेला असू शकतो. कान लावा, पाण्याचा आवाज येत असेल तर त्यावर चौघांनी एका वेळी जायचं नाही. खरं तर जायचंच नाही. मातकट, करड्या रंगाचा, मधे खोलगट झालेला भाग दिसला तर तोही टाळा. रोहतांगवर जायचंच असेल तर परमिटची व्यवस्था माहीत असू द्या: मनालीकडून दिवसाला १,२०० गाड्यांनाच परवानगी असते आणि त्यात डिझेलच्या फक्त ४००. मंगळवारी रस्ता दुरुस्तीसाठी पर्यटकांना बंद. तुमची गाडी डिझेलची, तेव्हा परमिट हातात नसेल तर उद्याची सकाळ त्याच्या मागं घालवू नका.

यात माझा एक नियम आहे, गटातल्या लोकांना तो आवडत नाही पण मी मोडू देत नाही. ज्यांना परतीची गाडी चालवायची आहे त्यांनी शेवटच्या सकाळी सगळ्यात आधी बोर्ड सोडायचा. नवशिक्या स्नोबोर्डवाल्यांना सगळ्यात जास्त होणारी दुखापत म्हणजे मनगटाची. पडताना हात आपोआप पुढं जातो, आणि लगद्यात बोर्ड अचानक अडकला की झटका थेट मनगटावर येतो. शिवाय थकलेल्या पायांनी मारलेल्या "अजून एक शेवटची" फेरीत पडण्याचं प्रमाण माझ्या डोळ्यांनी तरी जास्तच दिसलंय. ज्या दोघांना गाडी येत नाही त्यांचं मनगट मुरगळलं तर ते मागच्या सीटवर पट्टी बांधून बसतील. चालवणाऱ्याचं मुरगळलं तर दोनाचा एक चालक झाला आणि तुमचा अख्खा हिशेब कोलमडला. म्हणून त्या दोघांनी नऊ-साडेनऊला बूट काढावेत आणि चहा टाकावा. बाकीचे दोघे साडेदहापर्यंत खेळतील.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. उंचीवर दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत तुमच्याच तोंडावर फेकतो. जुना, मळका बर्फ थोडी कमी, पण त्यावर विसंबू नका. ढग असले तरी किरणं येतातच. एका गटातल्या पोरानं आभाळ आलंय म्हणून गॉगल दिवसभर कपाळावर ठेवला. संध्याकाळी जेवताना काही नव्हतं. रात्री दोनला तंबूतून ओरडत बाहेर आला, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय म्हणून. हा त्रास असाच असतो, सहा ते बारा तासांनी सुरू होतो आणि एक-दोन दिवस टिकतो. त्या पोराला थंड पाण्याच्या घड्या, अंधार आणि आराम दिला, तो बरा झाला. पण पुढचे दोन दिवस त्याला समोरच्या गाडीचा दिवासुद्धा सहन होत नव्हता. आता विचार करा, शुक्रवारी दुपारी डोळे पोळले आणि मध्यरात्री मंडीच्या वळणावर हे सुरू झालं तर?

आता खाली उतरण्याचं. बुधवारी दुपारी बोगदा ओलांडून मनालीत या. बोगदा ९ किलोमीटरचा, परमिट लागत नाही, आत थांबायचं मात्र नाही. भाड्याचा बोर्ड त्याच दुपारी परत करा. शेवटच्या दिवशी पहाटे दुकान उघडण्याची वाट बघत बसणारे मी फार पाहिलेत. परत देताना बोर्डाचा तळ, कडा आणि बाइंडिंगचे, म्हणजे बूट अडकवायच्या पट्ट्यांचे, फोटो दुकानदारासमोर काढा, कारण जुने ओरखडे नव्या गिऱ्हाइकाच्या नावावर लावणारे काही असतात. ठेव म्हणून मूळ आधार कार्ड ठेवलं असेल तर आठवणीनं घ्या.

मुक्काम मनालीत करू नका. मनाली २,०५० मीटरवर, मेच्या गर्दीत गजबजलेली, आणि तिथं सामान पसरायला जागा नसते. अजून खाली रायसनच्या आसपास बियासच्या काठानं तंबूंच्या जागा आहेत. हवा कोरडी, ऊन चांगलं, रात्र थंड. दुपारी तीनच्या आत पोहोचलात तर संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळं वाळतं. इथल्या तीन-चार तासांवर तुमच्या सामानाचं पुढचं आयुष्य ठरतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बुटांचे आतले मोजे, म्हणजे लायनर, बाहेर काढायचे. काढले नाहीत तर बाहेरून बूट कोरडा वाटतो आणि आत पाणी मुरलेलं राहतं. लायनरमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, अर्ध्या तासानं काढून बघायचे, ओले झाले असतील तर बदलायचे. तिसऱ्या बदलाला बोळा कोरडा निघतो. लायनर सावलीत, वाऱ्यावर. शेकोटीजवळ किंवा गाडीच्या बॉनेटवर ठेवू नका, त्यातला फोम उष्णतेनं आकार बदलतो आणि गोंद सुटतो. बोर्ड पुसून कोरडा करा, कडांवरून जुन्या सुती बनियनचा तुकडा दोन-तीनदा फिरवा. कडा पोलादाच्या, एका रात्रीत गंज धरतात. लालसर डाग दिसलाच तर बारीक पॉलिश पेपरनं अलगद घासा.

तंबू उलटा करून तळ उन्हात द्या, पण तासभरच. त्यापुढं सावलीत. ओला तंबू घडी करून गाडीत कोंबला आणि तीन दिवस राजस्थानच्या उन्हातून आणला तर आतला पाणी रोखणारा लेप चिकट होतो आणि बुरशीचा जो वास बसतो तो जात नाही. चिखल लागलाय म्हणून परभणीत गेल्यावर धुऊ असं म्हणत असाल तर मे-जूनमधलं आपल्याकडचं पाणी आठवा. तिथं घरात टँकरचं पाणी मोजून वापरलं जातंय आणि तुम्ही गच्चीवर तंबू धुणार? रायसनलाच बादलीत पाणी घेऊन, नदीपासून दूर, साबण न लावता पुसून काढा. स्लीपिंग बॅग झटकून दोरीवर टाका.

गॅसच्या डब्यांचं सगळ्यात महत्त्वाचं. तंबूच्या छोट्या शेगडीचे ते डबे, त्यांच्यावर लिहिलेलंच असतं की ५० अंशांवर तापू देऊ नका. कोटा किंवा धुळ्यात बाहेर त्रेचाळीस अंश असताना उन्हात उभ्या बंद गाडीत तासाभरात साठीच्या पुढं तापमान जातं. डिकीत ठेवलेला अर्धा भरलेला डबा म्हणजे सरळ धोका आहे. तुम्ही दुपारी जेवायला थांबणार, गाडी बंद, काचा वर, आणि आत हा. म्हणून उरलेले डबे परत आणायचेच नाहीत. बुधवारी रात्री रायसनला त्यावरच स्वयंपाक करून संपवा, उरले तर तिथल्या तंबूवाल्याला किंवा वर जाणाऱ्या एखाद्या गटाला देऊन टाका. रिकामा झालाय याची पक्की खात्री होईपर्यंत भोक वगैरे पाडत बसू नका. तीच गोष्ट पॉवर बँक आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांची. त्या डॅशबोर्डवर ठेवायच्या नाहीत, उतरताना पिशवीत घालून बरोबर न्यायच्या. हे करायला तुम्हाला कंटाळा येईल, तरी करा.

आता रस्ता. मनाली ते परभणी मी धरतो सुमारे दोन हजार किलोमीटर. न थांबता चालवायचं म्हटलं तरी पस्तीस-चाळीस तास, आणि त्यात तुमची मध्यरात्र हिमाचलच्या घाटात आणि भर दुपार राजस्थानात पडते. म्हणजे दोन्ही वेळा चुकीच्या. डोंगर उजेडात उतरायचा आणि सपाटी थंड वेळेत कापायची, हे माझं सूत्र. पहाटे चारला उठायचं, अकरा-साडेअकरापर्यंत चालवायचं, एखाद्या एसी खोलीत आडवं व्हायचं, पाचला पुन्हा निघायचं, साडेनऊ-दहाला थांबायचं. दुपारची अर्ध्या दिवसाची खोली घ्यायला आपल्या लोकांचा हात आखडतो. चार जणांत वाटून घेतली तर एका माणसाला येणारा खर्च ढाब्यावरच्या जेवणाहून फार जास्त नसतो. त्या पैशांत दोन चालकांची झोप विकत मिळते.

गुरुवारी पहाटे पाचला रायसनहून निघा. मंडी, सुंदरनगर, बिलासपूर, कीरतपूर. कीरतपूर-नेरचौक चौपदरी झाल्यापासून हा टप्पा बराच हलका झालाय, तरी दरड आणि कामांमुळं तासभर जादा धरा. दुपारपर्यंत अंबाला. तिथं विश्रांती. संध्याकाळी दिल्लीत शिरायची गरज नाही. इस्माइलाबादजवळून नारनौलपर्यंत जाणारा १५२-डी हा २२७ किलोमीटरचा महामार्ग घ्या आणि नारनौलला मुक्काम करा. शुक्रवारी पहाटे कोटपुतली, जयपूर, टोंक, बुंदी करत दुपारपर्यंत कोटा. संध्याकाळी झालावाडच्या पुढं जिथं बरा मुक्काम मिळेल तिथं. शनिवारी दुपारच्या आत इंदूर. संध्याकाळी धुळे. रविवारी पहाटे चाळीसगाव, कन्नडचा घाट, संभाजीनगर, जालना, परभणी. जयपूर ते संभाजीनगर बहुतेक सगळा ५२ क्रमांकाचाच राष्ट्रीय महामार्ग, तोच पुढं बीड-तुळजापूरवरून सोलापूरकडं जातो. जालन्याकडं मात्र तुम्हाला संभाजीनगरलाच वळावं लागेल.

या वाटेवर दोन उतारांना मी हलकं घेत नाही. पहिला इंदूर सोडल्यावर माळव्याचं पठार उतरताना, धामणोदच्या अलीकडं. गणपती घाट म्हणून तो ट्रक चालवणाऱ्यांना चांगला माहीत आहे, ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी. आता उतरायला वेगळा रस्ता केलाय, पाट्या बघून त्यावरूनच जा. तरीही उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका, इंजिनाला गाडी धरू द्या, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, आणि पुढच्या ट्रकपासून भरपूर अंतर ठेवा. तुमची गाडी चौघं, सामान आणि वर कॅरिअर अशी भरलेली आहे, रिकाम्या गाडीच्या अंदाजानं ब्रेक लागणार नाहीत. दुसरा कन्नडचा घाट. जड वाहनांना बंदी झाल्यापासून तिथं पूर्वीसारखी कोंडी नसते, पण रस्ता अरुंदच आहे. पहाटेच्या वेळी चढलात तर छान.

टायरच्या हवेबद्दल बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. वर असताना सकाळच्या थंडीत कोणीतरी हवा कमी वाटली म्हणून भरतो. खाली आल्यावर दोन गोष्टी उलटसुलट होतात. बाहेरच्या हवेचा दाब वाढतो, म्हणून मापकावरचा आकडा थोडा घटतो. तापमान वाढतं, म्हणून आकडा चढतो, साधारण दर साडेपाच अंशांना एक पीएसआय. एकूण मिळून आकडा वरच राहतो. उपाय सोपा आहे: गुरुवारी दुपारी अंबाल्याला विश्रांतीनंतर टायर गार असताना कंपनीनं दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याला हवा आणा, भरलेल्या गाडीचा आकडा बघून. धावून तापलेल्या टायरमधून हवा सोडायची नाही, ती गार झाली की कमी पडते आणि कमी हवेचा टायरच जास्त तापतो. कुलंटची पातळी सकाळी थंड इंजिनावर बघा. वाटेत साधं पाणी ओतत गेला असाल तर अंबाल्यालाच गॅरेजवाल्याकडून नीट करून घ्या.

राहिला उन्हाचा भाग. "आम्ही परभणीचे, आम्हाला ऊन काय नवं?" असं मला हमखास ऐकायला मिळतं. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात आणि थंडीत राहिलं की ती काही दिवसांतच उतरायला लागते. तुम्ही दहा-बारा दिवस बर्फाजवळ राहिलात, तेव्हा कोट्याच्या उन्हात तुम्ही परभणीकर म्हणून उतरणार नाही, नवखे म्हणूनच उतरणार. वर अंगावर सनबर्न असेल तर घामही नीट येत नाही. गाडीत एसी असला तरी पाणी पीत राहा. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे मिश्रण बाटलीत तयार ठेवा. ढाब्यावर ताक मिळालं तर उत्तम. डोकं दुखणं, चिडचिड, मळमळ सुरू झाली की चालक बदला, आणि दुसराही तसाच असेल तर थांबा.

वाऱ्याचंही लक्षात असू द्या. रोहिणी नक्षत्र लागलेलं आहे, राजस्थानात धुळीची आंधी आणि आपल्याकडं वळवाचा पाऊस, दोन्ही याच दिवसांत संध्याकाळी येतात. कॅरिअरवरचं सामान दोन पट्ट्यांनी आडवं आणि एका पट्टीनं उभं बांधा. तुमचा बोर्ड वर ठेवण्याऐवजी आत, सीटच्या बाजूनं तिरका बसत असेल तर तिथंच ठेवा, जुन्या चादरीत गुंडाळून. वर काळ्या पिशवीत तो तीन दिवस भाजून निघेल, तळाचं मेण पाझरेल आणि थरांमधला गोंद कमजोर होईल. बर्फासाठी बनवलेली वस्तू आहे ती.

शेवटचा एक तंबू-मुक्काम आपल्याकडं करावा का, असं तुमच्यातल्या एकानं विचारलंय. म्हैसमाळ हजार मीटरच्या थोडं वर आहे, संध्याकाळ बरी असते. पण तुमच्या वेळापत्रकात तो बसत नाही, आणि वळवाच्या दिवसांत उघड्या माथ्यावर वारा तंबू उपटून नेतो. तिथं दसऱ्यानंतर जा.

घरी पोहोचल्यावर बोर्ड पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर टाकू नका, तिथं दुपारी भट्टी होते. दिवाणाखाली आडवा ठेवा, वर जड वस्तू नको. त्याआधी तळावर मेणाचा जाड थर इस्त्रीनं पसरून तसाच राहू द्या, खरवडायचा तो पुढच्या हंगामात. इस्त्री जुनी, कपड्यांना न लागणारी घ्या आणि मंद ठेवा. धूर यायला लागला म्हणजे जास्त तापलीय. मेणाची वडी मनालीतच घेऊन ठेवा, इकडं शोधत फिरावं लागेल. नाहीच मिळाली तर साधी मेणबत्ती साठवणुकीपुरती चालते, घसरायला नाही. बाइंडिंगचे स्क्रू दोन फेरे सैल करा. स्लीपिंग बॅग तिच्या छोट्या पिशवीत दाबून ठेवू नका, जुन्या सुती साडीच्या गाठोड्यात सैल बांधून गोधड्यांच्या वर ठेवा. बुटांचे लायनर पुन्हा एकदा बाहेर काढून रात्रभर पंख्याखाली राहू द्या.

उद्या सकाळी उतारावर पाय किती रुतला ते लिहा, आणि टायर किती जुने आहेत तेही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. ते बघून अंबाला ते कोटा टप्प्यात वेग किती ठेवायचा ते सांगता येईल.